एक कच्चं बी

आमचे शेजारी पालघरच्या दारूबंदी कचेरीत कारकून. चहासुद्धा येरझारा घालत पितात. मध्यंतरी तारापूरच्या बांधकामावरल्या एका गढवाली मजुराची भांगेच्या बियांची पुरचुंडी त्यांच्या टेबलावर आली.

"साब, इसकी चटनी खाते हैं," तो काकुळतीने म्हणाला.

कायद्यात पाल्याबद्दल लिहिलं होतं. बियांबद्दल यांना काही सापडेना. शेवटी त्यांनी पुरचुंडी घरी आणली, अंगणातल्या चुलीवर बिया खरपूस भाजल्या आणि त्याला परत दिल्या.

"भाजलं की उगवत नाय. आता हे खाणंच हाय," मला म्हणाले.

पण एक कच्चं बी अंगणात सांडलं. तेव्हापासून ते रोज वाकून अंगण धुंडाळतात, हिरवं दिसेल ते उपटतात. घाबरून त्यांच्या बायकोने तुळस आमच्या अंगणात आणून लावली. सकाळी मी दार उघडतो, तेव्हा ते कुंपणावरून त्या तुळशीकडे बघत उभे असतात.