एकेचाळिसावा फॉर्म

काळेवाडीत कुठली बाई कशाने गेली, हे शालनबाई ओव्हाळांना विचारावं. खुद्द तिच्या नवऱ्यालाही तेवढं ठाऊक नसतं. शालनबाई आशा सेविका, वय बावन्न, गुडघे दुखरे आणि जीभ धारदार. सोळा वर्षं त्यांनी वस्तीतली बाळंतपणं, लसी आणि डेंगीची डबकी सांभाळली होती. यंदा एका संस्थेने त्यांच्या गळ्यात नवंच लचांड मारलं. वर्षभरात तिशी ते साठीतल्या ज्या बायका गेल्या, त्यांच्या घरी जाऊन प्रत्येकीचा फॉर्म भरायचा: काय दुखत होतं, कधीपासून, दवाखान्यात कधी नेलं. चाळीस बायका, चाळीस फॉर्म. आणि नावाखाली एक रकाना, समाज.

"म्हणजे यमाला आता जातीचा दाखला लागणार व्हय?" शालनबाईंनी ट्रेनिंगमध्येच विचारलं.

ट्रेनिंग देणारी निवेदिता नुकतीच शिकून आलेली, गरीब स्वभावाची पोर. तिने समजावलं की परदेशात असा अभ्यास करतात. गोऱ्या बायका कशाने जातात, काळ्या कशाने, ते वेगळं काढून बघतात. शालनबाई म्हणाल्या, "काढू की वेगळं. जित्तेपणी नाही, तर मेल्यावर तरी कुणी चौकशी करतंय."

मग सुरू झाली वणवण. गावठाणातला धोंडीबा बायकोच्या फोटोखाली बसून म्हणाला, "बाहेरचं हुतं ओ ताई. औषदाचं काम न्हाई ते." टॉवरमधल्या गुरुदत्त इंजिनियरांनी एसी लावून सांगितलं, "नीलिमाला ॲसिडिटी होती. थोडा स्ट्रेस." बिहारहून आलेल्यांच्या पत्र्याच्या खोलीत बाईला "गॅस चढ गया था", मशिदीमागच्या गल्लीत "घबराहट", आणि शालनबाईंच्या आपल्या बौद्ध वस्तीत घरोघरी एकच उत्तर, "बीपी." आणि शेवटी सगळीकडे पुरुषाचं एक पालुपद ठरलेलं, "अचानकच गेली हो."

अचानक कसली गेली मेली, तुम्हीच अचानक बघितलंत, असं शालनबाईंच्या ओठांवर यायचं. पण मयताच्या घरी भांडू नये म्हणून त्या पाणी मागायच्या. पाणी आणायला कुणी उठलं की म्हणायच्या, "राहू दे, मीच येते आत." आणि तांब्या हातात घेऊन स्वयंपाकघरात ठाण मांडायच्या. बाहेर फॉर्म भरायचा पुरुष, आत खरं बोलायच्या सुना, जावा, शेजारणी.

"महिनाभर डावा हात चोळत होती."

"जिन्यात दोनदा बसायची."

"पाठीत कळ यायची आणि घामानं पोलकं भिजायचं."

मग सांगितलं कसं नाही कुणाला? तर टॉवरमध्ये पोराची बारावी होती. गावठाणात जत्रेला पाहुणे यायचे होते. बिहारीणीची छठ होती, गल्लीतलीचे रोजे चालू होते आणि बौद्ध वस्तीतल्या दोघींना चौदा एप्रिल पार पाडायचा होता. त्या चाळिसांत काहींना कॅन्सरने नेलं, एकदोन बाळंतपणात गेल्या, काहींचं कारण लिहिताना शालनबाईंचा हात थांबला. पण निम्म्यांहून जास्त जणी काळजाच्या दुखण्याने गेल्या होत्या. समाजासमाजात फरक काय तो एवढाच, की कुठला सण उरकायचा राहिला होता.

इथपर्यंत शालनबाई शहाण्या. पण दिव्याखाली अंधार असतोच. आठ महिने त्यांच्या स्वतःच्या दोन्ही खांद्यांच्या मधे कळ येत होती, जिना चढला की जबड्यापर्यंत जात होती. त्यांनी तिचं नाव ठेवलं उसण. पाठीला पट्टी, पोटात सोडा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची चिठ्ठी दिली, ती पर्समध्ये घडी घालून बसली. आधी फॉर्म संपू देत, असं म्हणत म्हणत मे महिना आला.

चाळिसावा फॉर्म संपवून आल्या, त्या दुपारी सुनेने, मैत्रीने, त्यांना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेलं पाहिलं. तोंड राखेसारखं, पदर ओला.

"आई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"मे महिना आहे. घाम काय मलाच येतो का? पौर्णिमा होऊ दे. विहारातली दोनशे माणसांची खीर माझ्याकडे आहे."

मैत्री तळवड्याच्या एका कारखान्यात माल तपासायची. नापास झालेला तुकडा ती कुणाचंही ऐकून पास करत नसे. तिने सासूला घरात आणून बसवलं, त्यांच्या पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि समोर मांडी घालून बसली.

"मयत महिलेचं नाव?"

सासरे किसनराव टीव्हीसमोरून ओरडले, "काय अभद्र बोलतेस गं!"

शालनबाईंना मात्र हसू आलं. "लिही. शालन किसन ओव्हाळ. समाज बौद्ध, वय बावन्न. मयत दिसायला बरी होती, तेही लिही."

"त्रास काय होता?"

"उसण होती तिला," किसनराव म्हणाले.

"तुम्ही गप बसा हो! तुम्हाला काय माहीत?" शालनबाई उसळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पाठीत कळ. जबड्यात. आठ महिने."

"आठ महिने?" किसनरावांनी टीव्ही बंद केला.

"घरी कुणाला सांगितलं?"

शालनबाईंनी ओल्या पदराने कपाळ पुसलं.

"उपचाराला उशीर होण्याचं कारण?"

"खीर," शालनबाई म्हणाल्या आणि हसल्या. एकट्याच हसल्या.

मैत्रीने पेन टेकवलं, पण अक्षर उमटेना. "माझी माय पंचेचाळिसाव्या वर्षी गेली, उदगीरला," ती म्हणाली. "दोन महिने हात चोळायली होती. मला म्हणाली, पीठ मळून मळून भरून आलाय. माझं लग्न उरकायचं होतं तिला. मी मेंदीचे हात घेऊन बसले होते, आई. तिच्या मरणाचं कारण विचारायला कुणी आलंच नाही. आलं असतं तर काय सांगितलं असतं मी? माझं लग्न, म्हणून सांगितलं असतं? आणि आता तुमच्या कागदावर मीच खीर लिहू?"

ती ढसाढसा रडायला लागली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण शालनबाईंनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. चाळीस घरांतल्या स्वयंपाकघरांत बसून आल्या होत्या त्या, पण आपल्याच स्वयंपाकघरात काय दडलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या भिंतीला धरून उठल्या. "रिक्षा बोलव," किसनरावांना म्हणाल्या, "आणि तांदूळ मोरीवरच्या डब्यात आहेत."

छातीची पट्टी बघून डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलंच नाही. संध्याकाळी आत नेलं, हृदयाची नळी उघडली, स्टेंट बसवला. सकाळी डॉक्टर म्हणाले की अजून दोनतीन दिवस काढले असते तर सांगता आलं नसतं. पौर्णिमा तेव्हा तीन दिवसांवर होती.

खीर किसनरावांनी केली. आयुष्यभर चाकणच्या कंपनीत वेल्डिंग केलेला माणूस, आच कमी करणं त्याला कुठून ठाऊक असणार? खीर खाली लागली. वर वेलदोडा विसरला. मैत्रीने दवाखान्यात येऊन सगळं सांगितलं: दोनशे माणसं आली, पंगत बसली, सगळ्यांनी करपट खीर खाल्ली, काहींनी दुसऱ्यांदा मागितली आणि आपापल्या घरी गेली.

कुणाचं काही म्हणता काही अडलं नाही, हे ऐकलं आणि शालनबाई त्या सगळ्या दुखण्यात पहिल्यांदा रडल्या.