घरच्या भाषेतला अबोला

आमच्या दादांना मशीनचं दुखणं नुसतं ऐकून कळतं. दादा म्हणजे माझे थोरले दीर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक शिलाई मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, चाक हळूहळू फिरवायचं आणि डोळे मिटून बसायचं. गिऱ्हाईक मध्येच काही सांगायला लागलं की बोट ओठांवर. मग डोळे उघडून म्हणणार, शटल घासतंय, किंवा तेल किती दिवसांत घातलेलं नाही? गिऱ्हाईक मान खाली घालतं. माणसांचं मात्र त्यांना इतकं ऐकू येत नाही. माणूस समोर उभा राहून कुरकुरत असला तरी दादांचा कान मशीनकडे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला माझी हरकत नाही.

आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. घरात त्यांना अजूनही बारक्या म्हणतात, वजन काही का असेना. मशीन दुरुस्तीचं दुकान सासऱ्यांनी दोघांच्या हाती सोपवलं आणि ते छान चाललंही होतं, दादांची जीभ घसरली त्या दिवसापर्यंत. तयार कपड्यांच्या कारखान्याचा मालक मशीन घेऊन आला होता. ह्यांनी पुढे होऊन स्क्रू काढायला घेतला, तर दादा सगळ्यांदेखत म्हणाले, "त्याच्या हातात देऊ नका. तो नुसता खोलतो, बसवायला मलाच लागतं." मालक हसला. दुकानात उभी असलेली बाकीची माणसंही हसली. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, हात पुसले आणि भर दुपारी घरी आले. आजपासून दादाशी एक शब्द बोलणार नाही, एवढंच मला सांगितलं.

मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. पण ह्यांना राग उशिरा येतो आणि आला की मुक्कामालाच येतो. दादांनी एकदा "चुकलं" म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण हा एक शब्द म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. मग दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. अलीकडे हे, पलीकडे ते. सुटे भाग घट्ट धरायचा शिकंजा मात्र एकच, आणि तेलाचा मोठा डबाही एकच. ह्यांना तेल हवं असलं की हे समोरच्या मशीनला सांगायचे, "कुणाचं काम झालं असेल तर डबा इकडे यावा." पलीकडून डबा सरकत यायचा. दादांना शिकंजा हवा असला की ते छताकडे बघून बोलायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, दोन्ही भावांच्या डोक्यावर परिणाम झालाय. जाऊबाई आणि मी दोन मजल्यांवर राहतो, आमचं सगळं सुरळीत. दोघांचे निरोप पोचवून पोचवून आमचे मात्र जिने झिजले.

अशी काही वर्षं गेली. मग बाजारात कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीनं आली. ती बनवणारी कंपनी आमच्या भागासाठी दुरुस्तीची एजन्सी देणार होती, पण अट अशी की दुकानाच्या वतीने कुणाला तरी कंपनीच्या इंजिनीयरशी फोनवर इंग्रजीत बोलता आलं पाहिजे, आणि तो माणूस इंग्रजीची मधल्या पातळीची परीक्षा पास असला पाहिजे. एजन्सी मिळाली तर पुढची चिंता नाही, नाही मिळाली तर जुन्या पायडलच्या मशीनांवर किती दिवस काढणार? इंग्रजी दोघांनाही अगदीच येत नव्हतं असं नाही. शाळेत झालं होतं, मशीनची माहितीपुस्तकं वाचून निम्मंशिम्मं कळायचं. बोलायची वेळ आली की गाडी अडायची. हे गुपचूप संध्याकाळच्या वर्गाला नाव घालून आले. एकटं जायला लाज वाटते म्हणून मलाही ओढलं.

वर्ग एका बालवाडीच्या खोलीत भरायचा. भिंतीवर हत्ती, ससे आणि रंगीत फुगे, बसायला लहान मुलांच्या खुर्च्या. आम्ही दारातून आत पाऊल टाकलं तर समोर दादा. गुडघे हनुवटीला टेकलेले, हातात नवी पेन्सिल. तेही गुपचूपच आले होते. हे उलट्या पावली निघाले होते, मी बाही धरून आत ओढलं.

इंग्रजी शिकवणाऱ्या बाई कडक. वर्गात घरची भाषा बोलायची नाही, हा पहिला नियम. बोलण्याचा सराव जोडीदाराबरोबर करायचा आणि जोड्या हजेरीप्रमाणे, हा दुसरा. आमच्या घरातलं आडनाव एकच, त्यामुळे ह्यांच्या शेजारी दादा आले आणि माझ्या वाट्याला एक नर्स आली. जोडीदाराला काल काय केलं ते विचारा, असं बाईंनी सांगितलं. वर्गभर कलकल सुरू झाली. हे दोघे हत्तीकडे बघत बसलेले. बाई त्यांच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, भूतकाळ आहे, वर्तमानकाळ आहे, गप्प बसण्याचा काळ माझ्या पुस्तकात नाही. दादांनी घसा खाकरला आणि काल काय जेवलास, असं इंग्रजीत विचारलं. ह्यांनी छताला उत्तर दिलं, "राइस." दादा म्हणाले, "फुल सेंटेन्स." मला हसू आवरेना, मी पुस्तकात तोंड खुपसलं.

घरी येताना मी विचारलं, म्हणजे बोललात की दादांशी? हे चिडले. म्हणाले, ते बोलणं नव्हे, तो सराव. अबोला जिथल्या तिथे आहे.

आणि खरंच तो होता. दुसऱ्या दिवशी दुकानात पुन्हा डबा, शिकंजा आणि छत. एकदा पलीकडून दादांनी इंग्रजीत काहीतरी विचारून पाहिलं, तर ह्यांनी मोटर जोरात चालू केली. वर्गाबाहेर इंग्रजी झाडायला आपण काय साहेब आहोत, असं मला ऐकवलं. मग दोघांनी एक विचित्रच पद्धत धरली. दिवसभरात साठलेलं सगळं संध्याकाळच्या सरावासाठी राखून ठेवायचं. बाई म्हणायच्या, आज तुलना करायला शिकू, जोडीदाराला दोन शहरांची तुलना सांगा. बाकीचे शहरं सांगायचे, हे दोघे दोन कंपन्यांच्या सुया सांगायचे. बाई म्हणायच्या, सल्ला द्यायला शिकू. दादा ह्यांना सल्ला द्यायचे की तू रात्रीची सिगरेट सोडावीस. हे दादांना म्हणायचे की तू डॉक्टरकडे जाऊन गुडघा दाखवावास. मला दोन्ही बातम्या नव्या. ह्यांच्या सिगरेटचं मला ठाऊक नव्हतं आणि दादांच्या गुडघ्याचं जाऊबाईंना. त्या दिवशी घरी जाऊन आम्ही दोघींनी आपापल्या माणसाला घरच्या भाषेत जो सल्ला दिला, तो कुठल्याच पुस्तकात नसेल.

हळूहळू हे संध्याकाळ व्हायची वाट बघायला लागले. चहा अर्धा टाकून निघायचे. वाटेत स्वतःशी वाक्यं जुळवायचे. अभ्यासासाठी इतका जीव टाकणारा नवरा मी कधी पाहिला नव्हता. पण तो अभ्यासासाठी नव्हताच.

मग तो धडा आला. झालेल्या गोष्टीबद्दल पस्तावा कसा सांगायचा, त्याचा. बाईंनी फळ्यावर नमुने लिहिले आणि प्रत्येकाने जोडीदाराला एक खरा प्रसंग सांगायला लावलं. नर्स मला सांगत होती की तिने शाळेत गाणं सोडायला नको होतं. माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. दादा पेन्सिल फिरवत होते. मशीनला कान लावताना मिटतात तसे त्यांनी डोळे मिटले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आय शुड नॉट हॅव सेड दॅट. इन फ्रंट ऑफ पीपल." मी तसं बोलायला नको होतं, लोकांसमोर. ह्यांनी फळ्यावरचा नमुना वाचला. मग म्हणाले, "नो. यू शुड नॉट हॅव." बाई मागून जात होत्या, त्यांना काय माहीत. त्या खूश होऊन म्हणाल्या, उत्तम, दोघांचंही अगदी बरोबर. माझे डोळे भरून आले. नर्सला वाटलं तिच्या गाण्यामुळे, ती माझा हात धरून बसली.

मला वाटलं, आता सुटलो. पण दुकानात दुसऱ्या दिवशीही भिंत, डबा आणि छत. मी ह्यांच्यावर वैतागले. आता काय राहिलंय, असं विचारलं. ह्यांचं म्हणणं, तो धडा होता. बाईंनी सांगितलं नसतं तर दादा बोलला असता का?

परीक्षा जवळ आली. वर्गातले दोघे हुशार म्हणून बाई ह्या भावांचंच नाव घ्यायच्या. घरी मी सरावाचे प्रश्न विचारले की हे भाजी चिरता चिरता उत्तरं द्यायचे, एकही चुकायचं नाही. परीक्षेला माझी खुर्ची ह्यांच्या मागे होती. माझं लिहून झालं म्हणून मी मान वर केली, तर हे आपल्याच उत्तरावर काट मारत होते. बरोबर उत्तर खोडून शेजारी चुकीचं लिहीत होते, आणि हे एका प्रश्नाचं नव्हे, पानभर चाललं होतं. बोलायची सोय नव्हती, बाई समोर उभ्या.

बाहेर पडल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. एजन्सीचं काय, घराचं काय, डोकं ठिकाणावर आहे का? हे हळूच म्हणाले, "पास झालो तर वर्ग संपेल. मग दादाशी मी कुठल्या भाषेत बोलू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी भलतीच काळजी आली. हे नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसणार, ठीक. पण दादा? दादा पास होणार, एजन्सी घेणार, आणि ह्या वर्गाकडे फिरकणारही नाहीत. हे त्या लहान खुर्चीवर हत्तीकडे बघत एकटे बसणार. ह्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. मी बोलून दाखवलं तेव्हा चेहरा उतरला.

निकाल बाईंनी वर्गातच वाचला. नर्स पास. मी पास. कसं कोण जाणे, पण झाले, आणि पुढे कंपनीची एजन्सी माझ्या नावावर आली ती त्यामुळेच. तेव्हा मात्र मला आनंद करायला फुरसत नव्हती. ह्यांचं नाव आलं, नापास. वर्ग वळून बघायला लागला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि दादांचं नाव वाचलं. तेही नापास. मला हे समजतच नाही, बाई म्हणाल्या, तुम्हा दोघांना अख्खा पेपर येत होता.

ह्यांनी दादांकडे पाहिलं. दादा पेन्सिलीचं टोक बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते, चोरी पकडलेल्या पोरासारखे. ह्यांच्या तोंडून हसू फुटलं, आधी नाकातून, मग मोठ्याने. मग दादाही हसायला लागले. ती लहान खुर्ची त्यांच्याखाली करकरायला लागली. बाईंना वाटलं दोघांना नापास होण्याचा धक्का बसलाय. त्यांनी पाणी मागवलं.

आम्ही बाहेर आलो. मी मुद्दाम चार पावलं मागे राहिले. फाटकापाशी दादा थांबले. तिथून रोज दोघे दोन बाजूंना जायचे, घर एकच असलं तरी. आज हेही थांबले.

"बारक्या," दादा म्हणाले, आमच्या घरच्या भाषेत. "त्या दिवशी लोकांसमोर मी जे बोललो..."

"दादा, राहू दे. ते तू सांगितलंयस वर्गात."

"ते बाईंना सांगितलं. तुला सांगायचं राहिलंय." दादांनी त्यांचा दंड धरला. "माझं चुकलं."

ह्यांनी दादांच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि गुडघा दुखतोय ना, हळू चल, म्हणाले.