सात नंबरचा हात

फॉर्मवर दोनच चौकोन होते. एक क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूचा कोर्स, आणि दुसरा डायलिसिसचा. हॉस्पिटल वर्षभरासाठी आम्हा नर्सपैकी एकीला पाठवणार होतं. बायकांच्या जनरल वॉर्डात आठ वर्षं काढल्यामुळे नंबर माझा लागला होता आणि शनिवारपर्यंत खूण करून द्यायची होती. सगळ्यांनी मला आयसीयूवाली ठरवूनच टाकलं होतं. मोहोळहून आईचा फोन आला की ती म्हणायची, "तितली माणसं बोलत न्हाईत म्हणं. बरंच हाय की, तुज्यासंगं भांडायला कोण न्हाई."

मी हसायचे. पण न बोलणाऱ्या माणसांचीच मला भीती बसली होती.

त्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. एप्रिलची दुपार, वॉर्डात गरम वाफा. आमच्याकडे सात नंबरच्या खाटेवरचा पंखा तेवढा जोरात फिरतो. त्या खाटेवर साखरेची एक आजी होती, अक्कलकोटकडची, मराठीत कानडी मिसळून बोलणारी. तिला जेवणाआधी इन्शुलिन द्यायचं होतं. मी सिरिंज भरली, खाटेपाशी गेले आणि म्हणाले, "सात नंबर, हात."

हात पुढे आला. मी स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई टेकवणार तेवढ्यात आवाज आला, "ह्ये कसलं हाय, सिस्टर? मला तर सोनोग्राफीसाठी सकाळपास्नं उपाशी ठिवलंय."

मी वर पाहिलं. बाई वेगळीच होती. आजी शेजारच्या आठ नंबरवर बसून पदरानं वारा घेत होती. "तिला लई उकडत हुतं," ती म्हणाली. "म्हणून आमीच खाटा बदलल्या. मला काय, म्हातारीला, कुटं बी चालतंय की." मग माझा चेहरा बघून तिनं "एनातु?" म्हणून विचारलं, काय झालं म्हणून.

"काही नाही," मी म्हणाले.

उपाशी बाईला ते इन्शुलिन गेलं असतं तर साखर उतरून ती बेशुद्ध पडली असती. कदाचित उठलीही नसती. दोघींच्या मनगटांवर नावाच्या पट्ट्या होत्या. मी एकही वाचली नव्हती. आठ वर्षांत माझे हात इतके तरबेज झाले होते की डोळ्यांनी रजा टाकली होती.

त्यानंतर सिरिंज हातात घेतली की तळव्यांना घाम सुटायचा. घरी गॅस बंद केलाय का ते तीनतीनदा बघायचे. कुणाला सांगितलं नाही. वॉर्डात सगळ्या मला हुशार म्हणायच्या आणि ते मला सोडवत नव्हतं, हे कबूल करते.

कोर्स निवडण्याआधी दोन्ही विभागांत एकेक दिवस बसू दिलं होतं. आयसीयूत मी भिंतीला चिकटून उभी राहिले. डायलिसिसला मात्र जीव थंडावला. तिथली माणसं वर्षानुवर्षं येणारी, जागी, गप्पा मारणारी. एक आजोबा सिस्टरला बजावत होते, "सुई हिकडनं घाला. तिकडनं न्हाय." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. इथं चुकले तर कुणीतरी ओरडेल. मी डायलिसिसच्या चौकोनात खूण केली आणि फॉर्म इनचार्ज सिस्टरांकडे नेला.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "डायलिसिस? का गं?"

"ड्युटीच्या वेळा ठरलेल्या असतात."

"तू कधीपासून वेळा बघायला लागलीस?"

एवढं विचारून त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि मला खुर्ची दाखवली. मी सगळं सांगून टाकलं, रडत, नाक पुसत. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "लिहून दिलंस?"

झालेल्या चुकांची नोंद करायचा एक कागद आमच्याकडे असतो. थोडक्यात टळलेली चूकही त्यावर लिहायची असते. "कुणाला काही झालं नाही, म्हणून..." मी म्हणाले.

"म्हणून पुढच्या वेळी दुसरीच्या हातून होऊ दे, असंच ना?" त्यांनी खणातून कागद काढला. "आधी हे. मग तो फॉर्म."

तिथंच बसून लिहिलं. "खाटेचा नंबर बघितला, पट्टी वाचली नाही." एवढं एक वाक्य लिहायला मला किती वेळ लागला. लिहिता लिहिता स्वतःचीच लाज वाटली. ती बाई बोलली म्हणून मी तीन आठवडे मनात तिचे आभार मानत होते. पण मला सांभाळणं हे तिचं काम नव्हतं. ती आजारी होती, उपाशी होती, आणि माझ्यावर विश्वास ठेवून तिनं हात पुढे केला होता. आता मी असा विभाग शोधत होते जिथं आजारी माणसं माझ्यावर लक्ष ठेवतील.

सिस्टरांनी कागद वाचला. "हा वर जाणार. तुला पाठवतील की नाही, मला माहीत नाही."

मी फॉर्म परत मागितला. आधीची खूण खोडली आणि दुसऱ्या चौकोनात केली.

पाठवलं शेवटी. पहिल्याच आठवड्यात मला एक बाई दिली, आईच्या वयाची, व्हेंटिलेटरवर. औषध भरून खाटेपाशी गेले आणि तोंडातून निघून गेलं, "मावशी, हात."

हात पुढे आला नाही. पळून जावंसं वाटलं. मग मीच तिचा हात उचलला, पट्टी वळवून तिचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि ती 'ओ' देईल म्हणून थांबले. मशीन तेवढं चालू होतं. मी नाव पुन्हा एकदा वाचलं.