लाल तार, हिरवी तार

सांताक्रूझ विमानतळामागच्या आमच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा पाऊल टाकले, तेव्हा आतून आवाज आला, "बूट बाहेर!" जमिनीवर खडूने विमानाची आकृती काढलेली होती. पडलेल्या विमानाचे तुकडे तिच्यात जागच्या जागी मांडलेले होते आणि मधोमध पेडणेकरसाहेब अनवाणी बसले होते. "यात माणसं गेलीत," एवढेच ते म्हणाले. मी बूट काढले आणि थोड्याच वेळात तळव्यात पत्रा घुसवून घेतला. साहेबांनी स्वतः मला धनुर्वाताच्या इंजेक्शनला नेले, वाटेत वडापाव खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी बूट मात्र बाहेरच.

विमान अपघातांची चौकशी करणारे आमचे खाते पोलिसांपैकी की कोर्टापैकी, असे लोक अजून विचारतात. मीही विचारले होते. साहेब म्हणाले, "कोणी केलं ते शोधायला बाकीचे आहेत. आपण कशामुळे झालं ते शोधायचं, म्हणजे ते पुन्हा होणार नाही."

या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सरावाचे एक छोटे विमान दुरुस्तीतून आले, उडताच कलंडले आणि वेसाव्याच्या खाडीत कोसळले. अविनाश नावाचा तरुण वैमानिक गेला. 'पोराने घाबरून विमान वळवायचा दांडा उलटा फिरवला,' हा निकाल कँटीनमध्ये चहा संपायच्या आत लागला. वरूनही निरोप आला, की वैमानिकाची चूक लिहा आणि विषय संपवा. मेलेला माणूस काय उलट बोलणार! मुलुंडला त्याची आई होती. शेजारीपाजारी तिला सांत्वनाच्या सुरात तेच ऐकवत होते. साहेबांच्या आकृतीत मात्र डाव्या पंखाजवळची जागा रिकामी होती. "ही भरल्याशिवाय मी सही करणार नाही," त्यांनी सांगून टाकले.

ओहोटीला चिखल तुडवून आम्ही थकलो, तेव्हा कळले की पंखाकडच्या तारांचा एक जुडगा कोळीवाड्यात आहे. मी म्हटले, पोलिस नेऊ. साहेब हसले. "पोलिस पाहिले की जुडगा परत खाडीत जाईल." ते मूळचे मालवणचे. जाळ्यात आले ते जाळेवाल्याचे, हा रिवाज ते जाणून होते. हिराबाई कोळणीच्या ओट्यावर ते जाऊन बसले.

"माझ्या जाल्यान आयलंय, सायेब. ते माझं."

"तुमचंच आहे, बाय. मी न्यायला नाही, मागायला आलोय." मग त्यांनी मुलुंडच्या आईची हकिगत सांगितली.

हिराबाई उठल्या. होडीला बांधलेला जुडगा त्यांनी स्वतः सोडून आणला. "तिचा पोर परत येवाचा नाय. त्याचा नाव तरी परत येऊं दे."

जुडगा धुतला आणि कारण समोर आले. डावीकडची लाल खुणेची तार उजवीकडच्या हिरव्या खुणेच्या तारेला जोडलेली होती. म्हणजे दांडा डावीकडे वळवला की विमान उजवीकडे झुकणार! आता सगळे मेकॅनिकच्या नावाने ओरडू लागले. साहेबांनी त्याला आधी पाणी दिले, मग विचारले, "काम करताना खुणा दिसत होत्या का?" खुणा ग्रीसखाली झाकल्या गेल्या होत्या आणि दोन्ही तारांची टोके एकाच मापाची होती. साहेबांनी अहवालात लिहिले, की मापे वेगळी करा, म्हणजे चुकीची तार बसणारच नाही. मला म्हणाले, "माणूस चुकणारच. तारेनं त्याला चुकू देता कामा नये." मापे बदलली. त्या चुकीने पडलेले विमान आमच्या शेडमध्ये पुन्हा आले नाही.

मुलुंडला ते मलाही घेऊन गेले. सगळे ऐकून आईने विचारले, "म्हणजे माझा अविनाश बरोबर वळवत होता?"

"शेवटपर्यंत बरोबर वळवत होता. विमानच उलटं वळत होतं, आई."

ती माउली त्या दिवशी पहिल्यांदा रडली, असे तिच्या धाकट्या लेकीने जिन्यात आम्हाला सांगितले.

साहेब आता साठीचे होत आहेत आणि सत्कार नको म्हणून अडून बसले होते. पण न झालेल्या अपघातातून वाचलेली माणसे कधी आभार मानायला येत नाहीत; आपण वाचलो हे त्यांना ठाऊकच नसते. त्यांच्या वतीने आम्हीच वाकून नमस्कार करतो. साहेब, गुडघे दुखतात, आता तरी खुर्चीत बसा. ठणठणीत राहा, शंभरी गाठा. शेडच्या दाराशी न सांगता बूट काढणारे आता आम्ही पुष्कळ आहोत.