उबवणीत ठेवलेल्या दोन बाटल्या

१२ मे २००७. उबवणी यंत्रातल्या एका रात्रीच्या जागेचं ठरलेलं भाडं पाचशे रुपये. हजर तिघे: मी, एम.एस्सी. करणारी माझी मुलगी आणि सिन्नर रस्त्यावर कोंबडीची पिल्लं उबवणारे, माझ्या जुन्या ओळखीचे मालक.

मुलीच्या हातात थर्माकोलचा डबा होता. त्यात घट्ट बुचांच्या दोन चपट्या बाटल्या. दोन्हींत कोवळ्या पेशी, ज्यांच्या पुढे चरबीच्या पेशी होणार होत्या. सेरोटोनिन नावाचं रसायन मेंदूत असतं एवढं मी ऐकलं होतं. चरबी घडण्यातही त्याचा हात असतो का, ते तिला पाहायचं होतं. एका बाटलीत सेरोटोनिन. दुसरीत सेरोटोनिन आणि त्याचा निरोप पेशीपर्यंत पोहोचू न देणारं औषध. बाकी सगळं सारखं, म्हणजे फरक दिसला तर तो औषधाचाच. कॉलेजात भारनियमन, त्यात जनरेटर बिघडलेला. सदतीस अंशांची ऊब तुटली तर पेशी मरणार, आणि नव्या वाढवायला मुदत उरली नव्हती.

"ट्रे हलतात का, काका? बाटल्या सपाट राहायला हव्यात," मुलगी म्हणाली.

"अंडी फिरवायला हलवावेच लागतात. न हलणारी यंत्रं दोन हायेत, पण दोन्हींत उद्या पिल्लं निघायचीत. आता दार उघडलं की ओल जाते, पिल्लू कवचातच चिकटतं."

"एकदाच उघडा. बाटल्या उद्या पिल्लांबरोबरच काढू."

मालक माझ्याकडे वळले. "मेलेली तुमच्या नावावर. पिल्लाला दहा रुपये."

मी हो म्हटलं. दार उघडलं. मुलगी बाटल्या सपाट बसल्या का ते वाकून पाहत राहिली.

"ताई, तिथं घर नाय थाटायचं, दार लावा," मालक म्हणाले.

सकाळपर्यंत आम्ही ओट्यावर जनरेटरचा आवाज ऐकत बसलो. तो जरा अडखळला की ती उठून उभी राहायची.

सकाळी बाटल्यांतलं पाणी स्वच्छ होतं, म्हणजे पेशी नासल्या नव्हत्या. मालकांनी कवचातली मेलेली मोजली. "तेहतीस."

मी पाकीट काढलं. मुलीने माझा हात धरला. "शेजारच्या यंत्रात किती, काका? अंडी तेवढीच, फक्त दार उघडलं नाही."

मालकांनी कुरकुरत मोजलं. बावीस.

"म्हणजे आमची अकरा."

"बाटलीतला कायदा माझ्यावरच लावला व्हय?" ते म्हणाले, पण मान्य केलं.

कॉलेजात तिने चरबी रंगवणारा लाल रंग घातला. सेरोटोनिनच्या बाटलीत ठिपके दाट उठले, औषधाच्या बाटलीत विरळ. एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही, असं तिनेच मला बजावलं. पण प्रकल्प वाचला.

त्याच संध्याकाळी भाड्याचे पाचशे आणि अकरा पिल्लांचे एकशेदहा, असे सहाशे दहा रुपये मी मालकांच्या हातात दिले.