सासूबाई मागे, ऑईल खाली: नांदेड ते रेणापूर

निघण्याआधी घरात करार झाला. मी माझ्या पगारातून घेतलेली जुनी मोटारसायकल नांदेडहून रेणापूरला नेऊन परत आणायची. वाटेत तिनं काही नखरे केले, तर ती विकायची आणि मी निमूटपणे स्कूटी घ्यायची, असं नवऱ्याचं म्हणणं. साक्षीदार म्हणून मागे कोण बसणार, तर त्याची आई. सासूबाईंचं माहेर रेणापूर, भावाला भेटायचंच होतं. शिवाय त्या खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. माझ्या वरणात मीठ जास्त पडलं की शेजारणीलाही कळतं. थोडक्यात, पंच समोरच्या टीमचा होता.

गाडीचं ऑईल मी आदल्या दिवशी स्वतःच बदललं, व्हिडिओ बघून. इतका अभिमान वाटला की नवऱ्याला दोनदा बोलावून दाखवलं.

सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. तुम्हीही तसंच निघा, आणि टाकी नांदेडलाच भरून घ्या. लोह्यात चहा-भजी झाली, दोघींचे मिळून साठ रुपये. पुढे रस्ता चांगला आहे, म्हणूनच अर्धा रस्ता लोकांनी सोयाबीन वाळत घालायला घेतलेला. त्यावरून गाडी नेऊ नका, चाक घसरतं आणि शिव्याही पडतात. सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. चोर पकडल्यासारखा माझा खांदा धरलेला, आणि मांडीवर भावासाठी धपाट्यांचा मोठा स्टीलचा डबा.

अहमदपूरला एका चहाच्या टपरीवर पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्यांनी लुगड्याचा काठ उचलून पाहिला. काठावर काळे शिंतोडे. मी खाली वाकले. इंजिनाच्या तळाला ऑईल काढायचा बोल्ट असतो, त्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. मागच्या टायरवरही ऑईल उडालेलं. टायरला ऑईल म्हणजे वळणावर लोटांगण, तेव्हा तसंच दामटू नका. गाडी गेली, असंच वाटलं.

बाई मोटारसायकलखाली वाकलेली दिसली की मराठवाड्यात चहा आपोआप थंड होतो. सगळी टपरी आली. एकानं साबण चोळायला सांगितलं, दुसऱ्यानं गाडी विकून टाकायला. मी पाना काढून बोल्ट आवळला, तरी थेंब आलाच. तेवढ्यात एका मिशीवाल्या काकांनी माझ्या हातातून पाना घेतला आणि म्हणाले, "अजून दोन पिळे मारतो, मग बघा." अजून दोन पिळे म्हणजे आतले आटे जाणार आणि इंजिनाचं मोठं काम निघणार, एवढं मला कळत होतं. पण काका तोवर बोल्टला पाना लावत होते.

सासूबाई पुढे झाल्या. "ओ दादा, थांबा. पोरी, कुकरची वाफ बाजूनं निघाली तर तू झाकण आवळती का रबर बदलती?"

"रबर."

"मग ह्याला रबर न्हाई का?"

असतं. रबर नाही, पण तांब्याचं चपटं वायसर असतं, आणि ऑईल बदलताना तेही बदलायचं असतं. व्हिडिओत तेवढ्यात जाहिरात आली होती, मी पुढं ढकलली, त्यात हा भागही गेला. समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात वायसर दहा रुपयांत मिळालं. आता प्रश्न ऑईल धरायचं कशात. टपरीवाला घमेलं देईना. सासूबाईंनी डबा उघडला, भावाचे धपाटे जमलेल्या मंडळींना वाटून टाकले आणि डबा पुसून इंजिनाखाली सरकवला. मिशीवाल्या काकांनी दोन घेतले. इंजिन निवल्यावर ऑईल डब्यात काढलं, वायसर बदललं, बोल्ट बेतानं आवळला, ऑईल परत ओतलं, टायर साबणानं धुतलं. थेंब थांबला.

पुढे लातूर, आणि तिथून रेणापूर जवळच आहे. गावात शिरताना सासूबाईंनी पहिल्यांदा हुकूम सोडला, "हळू घे, आन् हॉर्न वाजव." जुन्या मैत्रिणी दारात आल्या, तशा आणखी एक चक्कर मारायला लावली. माझा खांदा केव्हाच सुटला होता, त्या हात हलवत होत्या. मामांकडे, म्हणजे त्यांच्या भावाकडे, जेवण दणदणीत झालं. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी करडीच्या तेलाचा कॅन दिला.

घरी पोचलो तर नवरा फाटकातच उभा. गाडीखाली वाकून पाहिलं, कोरडी ठणठणीत. मग त्याची नजर धुऊन पिशवीत टाकलेल्या लुगड्यावर गेली. डाग तसेच होते.

"आई, हे कशाचे?"

"करडीचं तेल सांडलं."

"काळं?"

"लाकडी घाण्याचं हाय," म्हणून त्या आत गेल्या. नवऱ्यानं कॅनकडे पाहिलं. पिवळंधमक तेल, झाकणाचं सीलही शाबूत. पण पंचाचा निर्णय झाला होता.

अकरा वर्षांच्या संसारात सासूबाई पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलल्या, आणि तेही खोटं. मला भरून आलं. स्वयंपाकघरात जाऊन मी हळूच म्हटलं, "आई, माझ्यासाठी खोटं बोललात तुम्ही."

"तुझ्यासाठी कशाला?" त्या डबा घासत होत्या. "मी काय आता माहेरी एसटीनं जाऊ?"