मुजीबचाचांच्या यादीतला तारा

मे महिन्यातला सोमवार. बँकेतून घरी निघाले होते, चिकलठाण्याच्या सिग्नलला काळे सरांचा फोन आला. "अगं, सुपरनोव्हा सापडलाय! मुजीबभाईंच्या यादीतल्या दीर्घिकेत."

गाडी बाजूला घेतली. खरं तर आनंदाने ओरडायला हवं होतं... पण मी घाईने फोन ठेवून दिला.

आधी आमच्याबद्दल थोडं सांगते. काळे सर रिटायर्ड शिक्षक, मी बँकेत आणि मुजीबचाचांचं गुलमंडीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. आईचं मशीन घेऊन मी तिथे गेले, तेव्हा चाचा गिऱ्हाईक सोडून एक जाड काच घासत बसले होते. दुर्बिणीचा आरसा. "सहा महिने झाले, अजून दोन लागतील," म्हणाले. ती दुर्बीण झाली, आणि मी त्यांच्या टोळीत सामील झाले.

काळे सरांचं गंगापूरकडे शेत आहे, तिथे अंधार चांगला. आपल्या आकाशगंगेसारख्या दूरदूरच्या दीर्घिका आम्ही आपसांत वाटून घेतल्या होत्या. त्याच त्या पुन्हापुन्हा बघायच्या. कधीतरी एखादा तारा फुटतो आणि जिथे काहीच नव्हतं तिथे ठिपका दिसतो... तोच सुपरनोव्हा. बाकी कुणाच्या आधी आपल्याला दिसावा, एवढीच इच्छा.

सर आणि मी कॅमेऱ्याने फोटो काढून जुन्या फोटोशी ताडून बघायचो. चाचांना फोटो लागतच नसे. प्रत्येक दीर्घिकेभोवतीचे तारे त्यांना गल्लीतल्या घरांसारखे पाठ होते. एकोणीस वर्षं बघत होते. एकदाही ठिपका आला नाही.

मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक डोळा गेला, दुसऱ्यात धूसर उरलं. दोन वर्षांपूर्वी मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. "फ्लॅटमध्ये कुठं ठेवू?" म्हणत दुर्बीण सरांच्या शेतावर ठेवली आणि यादी माझ्या हातात दिली.

तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर त्यांचा फोन येतो. "बेटा, मेरेवाले कैसे हैं?" मी एकेक सांगत जाते.

पण यंदा मार्चची बँकेतली धावपळ, मग घरातलं लग्न, मग नुसता कंटाळा... मी शेतावर गेलेच नाही. आणि तरी दर सोमवारी म्हणत राहिले, "सगळे जागेवर आहेत, चाचा."

घरी येऊन लॅपटॉप उघडला. त्या दीर्घिकेचा आमचा शेवटचा फोटो दहा आठवड्यांपूर्वीचा. तारा उजळायला लागून दोन आठवडे झाले होते. परदेशातल्या कुणा आमच्यासारख्याच हौशी माणसाने तो पकडला होता.

सातनंतर फोन वाजला. क्षणभर वाटलं, उचलूच नये.

एका दमात सगळं सांगून टाकलं. तारा आला, दुसऱ्याला सापडला, मी दहा आठवडे पाहिलंच नव्हतं आणि तुमच्याशी खोटं बोलले.



"झूठ कायको बोली बेटा?" चाचा म्हणाले. "नाय पाहिलं, म्हणायचं. मी चिडलो असतो, बस. माझे चिडायचे दिवस कुठं संपलेत?"

मला रडू आलं. ते थांबले. मग हळूच विचारलं, "अजून दिसतोय का?"

"हो."

"मग उद्या जा. कॅमेरा नक्को. माझ्या दुर्बिणीतून बघ, अन् मला सांग."

दुसऱ्या दिवशी बँकेतून थेट गंगापूरला. अंधार पडल्यावर सरांनी दुर्बिणीवरचं ताडपत्रीचं आवरण काढलं. "लई दिवसांनी उघडली हो," म्हणाले आणि माझ्यासाठी स्टूल ठेवलं. मी फोन स्पीकरवर टाकून डोळा लावला.

"धूसर डाग दिसतोय, चाचा. वर एक ठळक तारा."

"हौ, तो नेहमीचा. त्याच्या डाव्या अंगाला दोन बारीक?"

"आहेत."

"ते पण आपलेच. आता खाली ये. सरळ नको बघू, तिरकी नजर ठेव."

मी नजर कडेला नेली. डागाच्या खालच्या कडेला एक बारीकसा तारा लुकलुकला. सरळ पाहिलं की गायब, नजर हलवली की पुन्हा हजर.

"चाचा... खाली एक आहे."

"खाली काहीच नव्हतं," ते म्हणाले. "एकोणीस साल तिथं काहीच नव्हतं, बेटा."

सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

मग चाचा हसले. "मी घर सोडलं अन् पाहुणा आला बघ." थोड्या वेळाने म्हणाले, "अजून एकदा बघ. मैं रुकता हूँ." मी पाहत राहिले आणि ते हैदराबादच्या फ्लॅटमध्ये फोन कानाला लावून थांबून राहिले...

पुढचा महिनाभर जमेल त्या संध्याकाळी जाऊन मी त्या ताऱ्याची नोंद घेतली. तो मंद होत गेला आणि एके दिवशी मला दिसेनासा झाला. तेही चाचांना खरंखरं सांगितलं. "जाऊ दे, माझ्यासारखाच थकला असंल," म्हणाले.

शोध कुणाच्या नावावर गेला, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. मला मात्र अजून वाटतं, तो आनंद त्यांचा होता आणि माझ्या आळसाने हुकला.

चाचा, तुमची मुलगी तुम्हाला ही पोस्ट वाचून दाखवेल. तुमच्याशी खोटं बोललेल्या मला तुम्ही तुमच्या दुर्बिणीपाशी उभं केलंत, शुक्रिया. शेतावर गेलं की तुमची फार आठवण येते.